माल्टा : बंदर, चुनखडक आणि पाणी

प्रस्तावना :

भूमध्य समुद्रातील माल्टा या द्वीपराष्ट्राचा इतिहास बहुतेक ग्रंथांत त्याच्या स्थानावरून सांगितला जातो. सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे ९० कि.मी. आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे ३०० कि.मी. अंतरावर, पूर्व व पश्चिम भूमध्य यांना जोडणाऱ्या सागरी मार्गावर हे बेट आहे. त्यामुळे फिनिशियन, कार्थेजियन, रोमन, बायझंटाईन, अरब, नॉर्मन, अरागॉनी, सेंट जॉनचे नाइट्स, फ्रेंच आणि इंग्रज अशा सत्ता येथे एकामागून एक आल्या, हे सर्वपरिचित सूत्र होय. ते चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. या सत्ता का आल्या याचे उत्तर त्यातून मिळते. आल्यानंतर त्या कोठे वसल्या व कशा टिकल्या याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी बेटाच्या पोटातील खडकाकडे आणि त्या खडकात साठणाऱ्या पाण्याकडे वळावे लागते. माल्टात एकही बारमाही नदी नाही, नैसर्गिक गोड्या पाण्याचे सरोवर नाही. जेथे उत्तम बंदर आहे तेथे झरे नाहीत आणि जेथे झरे आहेत तेथे बंदर नाही. माल्टाच्या इतिहासाचा मोठा भाग या विसंगतीभोवती फिरत आला आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

भूरचना व जलव्यवस्था :

माल्टा, गोझो व कोमिनो ही या द्वीपसमूहातील प्रमुख बेटे. एकूण क्षेत्रफळ सुमारे ३१६ चौ.कि.मी.; त्यापैकी माल्टाचे २४६ व गोझोचे ६७ चौ.कि.मी. मुख्य बेटाची लांबी २७ कि.मी. आणि कमाल रुंदी साडेचौदा कि.मी. आहे. सर्वोच्च स्थान पश्चिमेस डिंगलीजवळ असून त्याची उंची केवळ २५३ मीटर आहे. पर्वत नाहीत, ज्वालामुखी नाहीत. संपूर्ण बेट समुद्रतळावर साचलेल्या गाळाच्या खडकांचे, सुमारे तीन कोटी ते सत्तर लाख वर्षांपूर्वीच्या काळातले आहे.

या खडकांचा क्रम समजून घेतल्याशिवाय पुढील विवेचन उमगणार नाही. सर्वांत खाली कठीण असा अधःप्रवाळ चुनखडक आहे. त्यावर ग्लोबिजेरिना नावाचा मऊ, मधाच्या रंगाचा चुनखडक आहे. ग्लोबिजेरिना हे सूक्ष्म सागरी जीव. त्यांच्या कवचांचे प्रमाण मोठे असल्याने खडकास हे नाव मिळाले. त्यावर निळ्या चिकणमातीचा थर, त्यावर हरितवालुकेचा पातळ थर आणि सर्वांत वर ऊर्ध्वप्रवाळ चुनखडक, अशी ही रचना आहे. चुनखडक सच्छिद्र व भेगाळ असल्याने पावसाचे पाणी त्यातून खाली झिरपते. निळी चिकणमाती मात्र पाण्यास वाट देत नाही. साहजिकच वरच्या चुनखडकात मुरलेले पाणी चिकणमातीवर अडते आणि तो थर जेथे टेकडीच्या कडेला उघडा पडतो तेथे झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते.

आता हे पाचही थर बेटावर सर्वत्र शिल्लक असते तर माल्टाचा इतिहास वेगळा झाला असता. तसे नाही. वरचा चुनखडक व चिकणमाती मुख्यतः पश्चिम आणि उत्तर भागात, राबात-डिंगलीच्या पठारावर व त्यापलीकडील टेकड्यांवर टिकून आहेत. पूर्व व आग्नेय भागात ते झिजून गेले असून तेथे ग्लोबिजेरिना खडकच भूपृष्ठावर आहे. त्या भागात झरे नाहीत. त्यातच संपूर्ण बेट ईशान्येकडे कललेले आहे. नैर्ऋत्येस सरळ तुटलेले उंच कडे आहेत, जहाजाला थारा नाही. ईशान्येस जुन्या नदीदऱ्या हिमयुगानंतर वाढलेल्या समुद्रात बुडाल्या व खोल, सुरक्षित खाड्या निर्माण झाल्या. ग्रँड हार्बर आणि मार्सामशेट ही दोन बंदरे म्हणजे अशाच बुडालेल्या दऱ्या होत. भूगर्भाच्या एकाच रचनेने पश्चिमेस पाणी दिले आणि पूर्वेस बंदर दिले.

पाऊस सरासरी ५५० मि.मी. पडतो, तोही प्रामुख्याने सप्टेंबर ते मार्च या काळात. उन्हाळा जवळजवळ पूर्ण कोरडा असतो. पडलेल्या पाण्याचा मोठा भाग बाष्पीभवनाने जातो, काही दऱ्यांतून समुद्रास मिळतो आणि उरलेला खडकात मुरतो. या मुरलेल्या पाण्याचा दुसरा, अधिक मोठा साठा समुद्रसपाटीच्या पातळीला अधःप्रवाळ चुनखडकात आहे. त्याचे स्वरूप विलक्षण आहे. बेटाखालच्या खडकात समुद्राचे पाणीही शिरलेले असते. गोडे पाणी त्यापेक्षा हलके असल्याने ते खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगते. डच अभियंता बाडोन घायबेन व जर्मन शास्त्रज्ञ हर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी स्वतंत्रपणे मांडलेल्या नियमानुसार, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर जितके मीटर असेल त्याच्या सुमारे चाळीसपट खोलीपर्यंत गोडे पाणी असते. या नियमाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. उपशामुळे वरची पातळी एक मीटरने उतरली तर, कालांतराने, खालून खारे पाणी चाळीस मीटरने वर सरकते. माल्टाच्या आजच्या चिंतेचे मूळ या साध्या गणितात आहे.

प्रागैतिहासिक वसाहत :

माल्टात मानव प्रथम केव्हा आला याबद्दलचे ज्ञान अलीकडेच बदलले आहे. सिसिलीतून आलेल्या नवाश्मयुगीन शेतकऱ्यांना आद्य वसाहतकार मानले जात असे. परंतु उत्तर माल्टातील लत्निया येथील उत्खननाचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांवरून सुमारे ८५०० वर्षांपूर्वी शिकारी-संग्राहक येथे पोहोचले होते असे दिसते. शिडाशिवाय, साध्या होड्यांतून सुमारे १०० कि.मी. खुला समुद्र ओलांडणे ही त्या काळातील सामान्य गोष्ट नव्हे.

शेतकरी समाजाने पुढे इ.स.पू. ३६०० च्या सुमारास गोझोवरील जगान्तिया येथे, व त्यानंतर हाजार ईम, म्नायद्रा, तार्शीन येथे प्रचंड पाषाणमंदिरे उभारली. ही मंदिरे इजिप्तच्या पिरॅमिडांपेक्षा जुनी आहेत. हाल सफ्लिएनी येथे तर खडकात खाली खाली कोरत नेलेली भूमिगत दफनवास्तू आहे; ती १९०२ मध्ये बांधकामासाठी खोदकाम करताना योगायोगाने सापडली. धातूची हत्यारे नसलेल्या समाजास हे शक्य झाले, कारण ग्लोबिजेरिना खडक ताजा असताना गारगोटीच्या हत्याराने कोरता येतो. जेथे कठीण प्रवाळ चुनखडक वापरला तेथील भिंती अधिक टिकल्या. हाजार ईमचा मऊ दगड वाऱ्या-पावसाने व खारट हवेने खात गेला आणि अखेर २००९ मध्ये हाजार ईम व म्नायद्रा या दोन्ही स्थळांवर संरक्षक छत्रे उभारावी लागली. या दोन मंदिरांच्या परिसरातील पठारावर खडकात खोदलेली घंटेच्या आकाराची पाण्याची टाकीही आहेत. त्यांचा काळ काहीही असो, खडक कोरून पाऊस साठविण्याची रीत येथे फार जुनी आहे, एवढे त्यांवरून दिसते.

इ.स.पू. २५०० च्या सुमारास मंदिर-संस्कृतीचा अस्त झाला. कारणांविषयी मतभेद आहेत. परागकण व मातीच्या नमुन्यांच्या अभ्यासातून जमिनीची धूप आणि अवर्षण यांकडे लक्ष वेधले गेले आहे. पातळ मातीचे थर असलेल्या बेटाच्या बाबतीत हे स्पष्टीकरण आक्रमणाच्या जुन्या कल्पनेपेक्षा अधिक पटते.

झऱ्यांकाठची राजधानी :

फिनिशियन इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपास येथे आले. व्यापारी दर्यावर्दी असूनही त्यांचे व नंतर रोमनांचे मुख्य नगर बंदरावर नव्हते. ते बेटाच्या आतील भागात, पठाराच्या टोकावर, आजच्या म्दिना-राबात परिसरात होते. संरक्षण हे त्याचे एक कारण. झऱ्यांचे सान्निध्य व सुपीक दऱ्या हे दुसरे. आणि ते सामान्यतः दुर्लक्षिले जाते. रोमने इ.स.पू. २१८ मध्ये बेट जिंकले, सत्ता बदलली, परंतु नगर जागचे हलले नाही. याच काळातील, फिनिशियन व ग्रीक अशा दोन भाषांत लेख कोरलेल्या दोन संगमरवरी स्तंभिकांचा येथे उल्लेख केला पाहिजे. त्यांच्या आधारे बार्थेलेमी या फ्रेंच विद्वानाने अठराव्या शतकात फिनिशियन लिपीचे वाचन केले. त्यांपैकी एक १७८२ मध्ये फ्रान्सच्या राजास भेट दिली गेली व आज ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

इ.स. ८७० मध्ये अरबांनी बेट जिंकले. त्यांनी नगराचा विस्तार कमी करून त्यास तटबंदी केली. म्दिना हे नाव अरबीच. राजकीय सत्ता १०९१ मधील नॉर्मन स्वारीनंतर ओसरत गेली तरी भाषा राहिली. माल्टी ही अरबीच्या सिसिलियन बोलीतून विकसित झालेली आणि रोमन लिपीत लिहिली जाणारी सेमिटिक भाषा होय. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांमध्ये ती एकमेव सेमिटिक भाषा आहे. तिच्यातील पाण्याची शब्दसंपदा पाहण्यासारखी आहे. बीर म्हणजे विहीर किंवा टाके, आइन म्हणजे झरा, वीद म्हणजे दरी, मर्सा म्हणजे बंदर. बिर्किरकारा, बिर्झेब्बुजा, आइन तुफ्फीहा, मार्साश्लोक ही ग्रामनामे वाचली की बेटाचा जल-नकाशाच समोर येतो. डिंगलीजवळच्या एका झऱ्याचे नाव फव्वारा आहे. हाच अरबी शब्द मराठीत फवारा म्हणून रूढ आहे. जनावरांच्या साहाय्याने फिरणारे रहाटगाडगे व मळ्यांना पाटाने पाणी देण्याची पद्धतही अरबी वारशात मोडते. कापूस हे पुढे कित्येक शतके बेटाचे मुख्य निर्यातपीक राहिले. धान्य मात्र सिसिलीतून आणावे लागे.

नाइट्सचे आगमन आणि १५६५ चा वेढा :

सेंट जॉनचे नाइट्स हा लष्करी धर्मसंघ. १५२२ मध्ये उस्मानी तुर्कांनी त्यांना ऱ्होड्स बेटावरून हुसकावले. सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना माल्टा देऊ केले तेव्हा संघाने १५२४ मध्ये पाहणीसाठी एक मंडळ पाठविले. त्याचा अहवाल निराशाजनक होता. मऊ खडकावर जेमतेम मातीचा थर, वाहते पाणी जवळपास नाही, लोक टाक्यांत पाऊस साठवतात, धान्य पुरत नाही; बंदरे मात्र उत्तम. अखेर १५३० मध्ये संघाने, दरवर्षी एक ससाणा नजर करण्याच्या अटीवर, हे बेट स्वीकारले. हे आरमारी लोक म्दिनात राहिले नाहीत. त्यांनी ग्रँड हार्बरच्या काठी बिर्गू येथे तळ ठोकला. बेटाच्या सत्तेचे केंद्र झऱ्यांकडून बंदराकडे सरकले ते येथे.

या स्थलांतराची कसोटी १५६५ मध्ये लागली. मे महिन्यात मुस्तफा पाशा व पियाले पाशा यांच्या नेतृत्वाखाली उस्मानी सैन्य उतरले. बंदराच्या टोकाशी असलेल्या मार्साच्या सखल भागात विहिरी होत्या, म्हणून त्यांनी तेथे छावणी केली. ग्रँड मास्टर ला व्हॅलेट याने हे ओळखून तेथील विहिरी आधीच दूषित करविल्या होत्या, असे वेढ्याच्या वृत्तांतांत सांगितले आहे. बिर्गूतील शिबंदी टाक्यांतील पाण्यावर होती. सेंट एल्मोचा किल्ला २३ जून रोजी पडला, दर्यासारंग द्रागूत तेथेच कामास आला. परंतु बिर्गू व सेंग्लिया तग धरून राहिले. उन्हाळ्यातील उष्मा व छावणीत पसरलेली हगवण यांनी वेढा घालणारांचे बळ खच्ची केले. सिसिलीहून कुमक आल्यावर ८ सप्टेंबर रोजी वेढा उठला. युरोपीय इतिहासलेखनात या विजयाचे श्रेय शौर्यास देण्यात येते व ते योग्यच आहे. परंतु कोरड्या ऋतूत कोणाकडे स्वच्छ पाणी होते हा प्रश्नही तितकाच निर्णायक मानला पाहिजे.

व्हॅलेटा : टाक्यांवर उभे नगर

वेढ्यानंतर २८ मार्च १५६६ रोजी दोन बंदरांमधील शिबेरास टेकडीवर नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली. पोपने पाठविलेल्या फ्रांचेस्को लापारेल्ली या अभियंत्याने आराखडा केला व जेरोलामो कास्सार या माल्टी स्थपतीने ते काम पुढे नेले. जागा लष्करीदृष्ट्या अप्रतिम आणि जलदृष्ट्या निकृष्ट. यावर उपाय म्हणून प्रत्येक घराखाली टाके खोदण्याचे बंधन घालण्यात आले. टाके खोदताना निघालेला दगड त्याच घराच्या भिंतींना लागे आणि सपाट गच्चीवरचे पाणी टाक्यात उतरे. दगड व पाणी यांचा इतका काटेकोर मेळ फार थोड्या नगरांत आढळेल.

तरीही वाढत्या नगरास टाकी पुरेनात. ग्रँड मास्टर विन्याकूर याच्या कारकिर्दीत १६१० मध्ये राबात-डिंगली पठारावरील झऱ्यांचे पाणी व्हॅलेटास आणण्याचे काम सुरू झाले. आरंभी नाताले मासुच्चो या जेझुइट पाद्र्याकडे व नंतर बोन्तादिनो दे बोन्तादिनी या अभियंत्याकडे काम होते. सुमारे १६ कि.मी. लांबीच्या या जलवाहिनीचा बराच भाग जमिनीखालून जातो. जेथे उतार मोडतो तेथे, विशेषतः सांता व्हेनेरा परिसरात, ती दगडी कमानींवरून नेलेली आहे. २१ एप्रिल १६१५ रोजी राजवाड्यासमोरील चौकातील कारंज्यातून पाणी उसळले. पश्चिमेचे झरे पूर्वेच्या बंदराशी प्रथमच जोडले गेले. या घटनेस माल्टाच्या इतिहासात १५६५ च्या वेढ्याइतके स्थान द्यावयास हवे. प्रत्यक्षात ते क्वचित दिले जाते.

ब्रिटिश राजवट :

नेपोलियनने जून १७९८ मध्ये अल्पावधीत बेट घेतले, सप्टेंबरमध्ये जनतेने बंड केले आणि दोन वर्षांच्या कोंडीनंतर फ्रेंच शिबंदी इंग्रजांस शरण गेली. १८१४ च्या पॅरिस तहाने माल्टा अधिकृतपणे ब्रिटिश झाले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर हिंदुस्थानच्या मार्गावरील कोळशाचे ठाणे म्हणून त्याचे महत्त्व वाढले. रशिया-तुर्कस्तान संघर्षाच्या वेळी, १८७८ मध्ये, पंतप्रधान डिझरायली याने सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबई बंदरातून माल्टास रवाना केले. पार्लमेंटला न विचारता हिंदी फौज युरोपात आणल्याबद्दल लंडनमध्ये मोठा वाद माजला. यांतील बरेच सैनिक पुढे सायप्रसला नेण्यात आले.

मोठे आरमार, गोदी आणि वाढती लोकसंख्या यांमुळे पाण्याची ओढ पुन्हा जाणवू लागली. १८४० च्या दशकात फव्वाऱ्याच्या झऱ्यांवरून दुसरी जलवाहिनी बांधण्यात आली. पटकीच्या साथी येत होत्याच. १८८० च्या दशकात ऑस्बर्ट चॅडविक या अभियंत्याने पाणीपुरवठा व सांडपाणी यांचा अभ्यास केला. इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्य सुधारणेचे प्रवर्तक एडविन चॅडविक यांचा हा मुलगा. राबातजवळच्या दरीतील बंधारे आजही त्याच्या नावाने ओळखले जातात. एक रोग मात्र पाण्याने सुटणारा नव्हता. ‘माल्टा ताप’ या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या ज्वराचा जंतू डेव्हिड ब्रूस याने १८८७ मध्ये शोधला. तो शेळीच्या दुधातून पसरतो हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झाम्मित या माल्टी वैद्याने दाखविले. हाच झाम्मित पुढे तार्शीनच्या मंदिरांचा उत्खननकर्ता म्हणून प्रसिद्धीस आला.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन व इटालियन विमानांनी १९४० ते १९४२ या काळात बेटावर भीषण बाँबवर्षाव केला. सुमारे दीड हजार नागरिक मृत्युमुखी पडले. ही संख्या याहून फार मोठी झाली असती. परंतु मऊ चुनखडकात हजारो लोकांनी हाताने खोदलेल्या भुयारी निवाऱ्यांनी जनतेस वाचविले. १५ एप्रिल १९४२ रोजी संपूर्ण बेटास जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक देण्यात आले. ऑगस्टमध्ये चौदा मालवाहू जहाजांचा ताफा निघाला, पाच पोहोचली. त्यांतील ‘ओहायो’ हे तेलवाहू जहाज मोडक्या अवस्थेत ओढून बंदरात आणले गेले तेव्हा उपासमार टळली.

स्वातंत्र्योत्तर काळ व पाण्याचा प्रश्न :

२१ सप्टेंबर १९६४ रोजी माल्टा स्वतंत्र झाले, १९७४ मध्ये प्रजासत्ताक झाले आणि ३१ मार्च १९७९ रोजी शेवटचे ब्रिटिश सैन्य परतले. २००४ मध्ये युरोपीय संघाचे सदस्यत्व व २००८ मध्ये युरो चलन स्वीकारले गेले. आरमारी तळावर जगणारे बेट पर्यटन व सेवाक्षेत्रावर जगू लागले. २०११ च्या जनगणनेत ४,१७,४३२ असलेली लोकसंख्या २०२१ मध्ये ५,१९,५६२ झाली. म्हणजे दर चौ.कि.मी.ला १६०० हून अधिक माणसे. युरोपीय संघात इतकी घनता अन्य कोठेही नाही. शिवाय २०२४ मध्ये ३५ लाखांहून अधिक पर्यटक आले, आणि त्यांतील अनेक जण कोरड्या उन्हाळ्यातच येतात.

या लोकसंख्येस झरे व टाकी पुरणे शक्य नव्हते. विसाव्या शतकात समुद्रसपाटीच्या पातळीला खडकात आडवे बोगदे खोदून भिंगाच्या वरच्या भागातील गोडे पाणी अलगद काढून घेण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. तंत्र चांगले होते. परंतु शेती, उद्योग व टँकरसाठी हजारो खासगी विंधन विहिरी खणल्या गेल्या आणि हिशेब कोलमडला. भिंग पातळ होत गेले, पाण्यातील क्षार वाढले, खतांमुळे नायट्रेटचे प्रमाणही वाढले. १९८२ मध्ये आर लाप्सी येथे रिव्हर्स ऑस्मोसिस पद्धतीचा निःक्षारीकरण प्रकल्प सुरू झाला. त्या वेळी समुद्राच्या पाण्यावर चालणारा हा अशा प्रकारचा जगातील सर्वांत मोठा प्रकल्प होता. आज पिण्याच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक भाग अशा प्रकल्पांतून येतो व त्यात भूजल मिसळून पुरवठा केला जातो.

नळास पाणी आल्याने प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. तो केवळ जागा बदलून उभा राहिला आहे. निःक्षारीकरणास वीज लागते. वीजनिर्मितीचे इंधन आयात होते आणि २०१५ पासून विजेचा काही भाग समुद्राखालील केबलने सिसिलीहून येतो. ज्या सिसिलीवर माल्टा धान्यासाठी अवलंबून असे, त्याच सिसिलीशी आता ते विजेच्या तारेने बांधलेले आहे. समुद्रात तेल सांडल्यास प्रकल्प थांबवावे लागतील. अशा वेळी भूजलाचे भिंग हाच एकमेव राखीव साठा आहे, आणि नेमका तोच सर्वांत कमी जपला जात आहे. शेतकऱ्याच्या विहिरीवर मीटर बसविणे राजकीयदृष्ट्या अप्रिय असते, हे त्याचे कारण.

घराखाली टाके असावे हा नियम माल्टाच्या कायद्यात आजही आहे. त्याची अंमलबजावणी ढिली असून अनेक नव्या इमारतींत टाक्याची जागा तळघरातील वाहनतळाने घेतली आहे. परिणामी शरद ऋतूतील पहिल्या जोरदार सरींत गच्च्यांवरील पाणी थेट रस्त्यावर येते आणि जुन्या दऱ्यांच्या मार्गाने बिर्किरकारा, म्सीदा, ओर्मी या सखल वस्त्यांत पूर येतो. त्यावर उपाय म्हणून युरोपीय संघाच्या साहाय्याने खडकात नवे बोगदे खोदण्यात आले. त्यांतून पावसाचे बरेचसे पाणी समुद्रात सोडले जाते, आणि किनाऱ्यावरील प्रकल्प तेच समुद्राचे पाणी वीज खर्चून पुन्हा गोडे करतात.